कागदावरचे नाव ही एक शहादत आहे

गेल्या वर्षी रबीउल अव्वल महिन्यात मराठवाड्यातील आमच्या तालुक्याच्या गावी काही मित्रांनी माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांसाठी निबंधस्पर्धा घेतली. विषय होता ‘अल-अमीन : आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांचा प्रामाणिकपणा’. आठवी ते दहावीच्या मुलामुलींचे ६४ निबंध परीक्षणासाठी माझ्याकडे आले. इशाच्या नमाजनंतर मी रोज दहा-बारा निबंध वाचत असे. तिसऱ्या रात्री एका परिच्छेदापाशी मी थबकलो, कारण तो मी आदल्या रात्रीही वाचला होता. गठ्ठा उलटून पाहिला. चार वेगवेगळ्या शाळांतील ११ निबंधांत हिजरतच्या रात्रीचे वर्णन अक्षरशः एकच होते. मक्कावासीयांनी प्रेषितांच्या (स.) हत्येचा कट रचलेला, आणि त्याच मक्कावासीयांच्या अमानती परत करण्यासाठी प्रेषितांनी (स.) हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवलेले. तीच वाक्ये, तोच क्रम, तेच स्वल्पविराम. आणखी थोड्या वेळाने ध्यानात आले की हा परिच्छेद माझाच आहे. नऊ-दहा वर्षांपूर्वी एका विशेषांकासाठी मी लिहिलेल्या लेखातला. कोणीतरी तो मोबाइलवर टाइप करून पुढे धाडला असणार, आणि फिरत फिरत तो आमच्याच गावी परत आला होता.

वाचकहो, खरे सांगायचे तर माझी पहिली भावना रागाची नव्हती. मला बरे वाटले. आपले लेखन इतक्या मुलांना आवडले, या विचाराने मनाला गुदगुल्या झाल्या. त्या आनंदाची लाज नंतर वाटली. पण त्या लाजेआधी एक प्रश्न उभा राहिला, आणि हा लेख त्या प्रश्नासाठी आहे. या मुलांनी माझे नेमके काय घेतले?

त्या लेखाचे मानधन मी घेतले नव्हते. तो वाचला जावा, सांगितला जावा, याच हेतूने लिहिला होता. मनुष्याच्या मृत्यूनंतरही ज्यांचे पुण्य त्याला मिळत राहते अशा तीन गोष्टींत लाभदायक ज्ञानाची गणना हदीसमध्ये झाली आहे. मग माझी वाक्ये ११ मुलांनी ११ कागदांवर उतरवली, तर माझ्या खात्यात भरच पडली म्हणायची. याला चोरी म्हणावे, तर ज्याची वस्तू गेली तो तक्रारच करीत नाही. फिकहच्या ग्रंथांत चोरीची व्याख्या करताना वस्तू ‘माल’ असावी, ती सुरक्षित जागी ठेवलेली असावी, गुपचूप काढून नेलेली असावी, अशा अटी सांगितल्या आहेत. यांपैकी काय इथे लागू पडते? ग्रंथकाराचा आपल्या ग्रंथावरील हक्क शरीअतला मान्य आहे की नाही, याविषयी गेल्या शतकात बरीच चर्चा झाली. भारतीय उपखंडातील काही ज्येष्ठ उलमांना तो हक्क मान्य नव्हता. पुढे १९८८ साली कुवेतमध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या पाचव्या अधिवेशनात असे हक्क शरीअतच्या दृष्टीने संरक्षित असल्याचा निर्णय झाला. परंतु त्या चर्चेच्या केंद्रस्थानी ग्रंथकार, प्रकाशक आणि व्यापारी यांचे व्यवहार आहेत. आठवीतल्या मुलाने निबंधात उतरवलेला परिच्छेद त्या चौकटीत नीट बसत नाही.

‘वाङ्मयचौर्य’ हा शब्दच आपल्याला थोडा चुकीच्या वाटेने नेतो, असे मला वाटू लागले आहे. चौर्य म्हटले की आपण मालाचा धनी शोधू लागतो. धनी सापडला नाही, किंवा त्याची हरकत नसली, की ‘मग गुन्हा कसला?’ असे मूल विचारते आणि आपल्याकडे उत्तर नसते. मार्गदर्शक पुस्तकातील निबंध तर छापलेलाच असतो तो मुलांनी उतरवावा म्हणून. धनी राजी, घेणारा राजी, वर्गशिक्षकही बहुधा राजी. तरीही काहीतरी बिघडले आहे, हे आपले मन जाणते. ते काय, हे सांगण्यासाठी चोरीपेक्षा वेगळा दृष्टान्त हवा.

तो दृष्टान्त सहीह मुस्लिममध्ये आहे. बाजारातून जाताना आदरणीय प्रेषितांनी (स.) धान्याच्या एका राशीत हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विचारल्यावर धान्यवाल्याने पावसाचे कारण सांगितले. मग भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी (स.) त्याला विचारले, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नसल्याचे बजावले. ही हदीस आपण सर्वांनी जुमाच्या खुतब्यात अनेकदा ऐकली आहे. तिच्यातील एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. ते धान्य त्या माणसाचे स्वतःचे होते. त्याने कोणाचे एक कणीसही चोरले नव्हते. ओल पावसाने आली होती, त्यातही त्याचा दोष नव्हता. दोष एवढाच होता की राशीचा वरचा थर आतल्या धान्याविषयी खोटे बोलत होता.

मुलाच्या निबंधाचेही असेच आहे. निबंधाच्या कागदावर वरच्या कोपऱ्यात नाव, इयत्ता, तुकडी लिहिलेली असते. ते नाव मालकी सांगत नाही. ते साक्ष देते. ‘हे मी वाचले, मला इतके समजले, समजलेले मला असे मांडता आले’ अशी ती शहादत आहे. परीक्षक त्या शहादतीवर विश्वास ठेवून गुण देतो. परिच्छेद दुसऱ्याचा असेल, तर परिच्छेदाचे काही बिघडत नाही. तो पूर्वीइतकाच खरा राहतो. खोटी ठरते ती कोपऱ्यातली साक्ष. म्हणूनच मूळ लेखकाने परवानगी दिली तरी प्रश्न सुटत नाही. माझ्या परवानगीने माझा परिच्छेद त्या मुलाला वापरता येईल. पण तो त्यानेच लिहिला, ही गोष्ट माझ्या परवानगीने खरी कशी होईल?

जे केले नाही त्याबद्दल आपली स्तुती व्हावी अशी आवड असणाऱ्यांविषयी दिव्य कुरआनात, सूरह आले-इमरानच्या १८८ व्या आयतीत, कठोर इशारा आला आहे. ती आयत एका विशिष्ट प्रसंगी उतरली, हे खरे. परंतु तिचा शब्दार्थ इतका व्यापक आहे की प्रत्येक लिहिणाऱ्याने तो वाचून क्षणभर थांबावे. हजरत अस्मा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीसही या विषयाच्या फार जवळची आहे. एका स्त्रीने विचारले की, पतीने मला न दिलेली वस्तू दिल्याचा आव मी सवतीपुढे आणला तर चालेल काय? न मिळालेल्या गोष्टीने भरलेपणाचा देखावा करणाऱ्याची तुलना प्रेषितांनी (स.) खोटेपणाची दोन वस्त्रे पांघरणाऱ्याशी केली. ही हदीस बुखारी व मुस्लिम दोहोंत आहे. इथेही कोणाची वस्तू चोरलेली नाही. उसन्या वैभवाचा नुसता देखावा आहे, आणि एवढ्यासाठीही एवढी कठोर उपमा आली.

आता कोणी म्हणेल, हे सगळे मोठ्या माणसांचे कायदे चौदा वर्षांच्या मुलाला का लावता? मूल तर अनुकरणानेच शिकते. हे मला पूर्णपणे मान्य आहे. आपल्या परंपरेइतका अनुकरणाचा आणि पाठांतराचा सन्मान क्वचितच कुठे झाला असेल. हाफिज होणारे मूल हजारो आयती शब्दशः मुखोद्गत करते. खुशनवीसीचा विद्यार्थी उस्तादाच्या अक्षरावर महिनोन्महिने मश्क करतो. मदरशांत शेकडो वर्षे पुस्तके हातांनी उतरवली गेली, आणि उतरवणे हा पुण्याचा व्यवसाय मानला गेला. पण उतरवणारा पुस्तकाच्या शेवटी आपले नाव ‘कातिब’ म्हणून लिहीत असे, ‘मुसन्निफ’ म्हणून नव्हे. हाफिजाच्या पठणाने डोळे ओले झालेला माणूसही ते शब्द हाफिजाचे मानत नाही. अनुकरणाला मनाई कधीच नव्हती. मनाई होती ती मधला दुवा लपवण्याला.

या लपवण्याला हदीसशास्त्रात स्वतंत्र नाव आहे : तदलीस. रावीने ज्याच्याकडून ऐकले त्याचे नाव गाळायचे आणि थेट वरच्या उस्तादाकडून ऐकल्याचा भास होईल अशी वाक्यरचना करायची, याला तदलीस म्हणतात. लक्षात घ्या, अशी हदीस खरीही असू शकते. शब्द बरोबर, अर्थ बरोबर. फक्त ‘मला हे कोणी दिले’ एवढेच झाकलेले. तरीही दुसऱ्या हिजरी शतकातील थोर हदीसतज्ज्ञ शुअबा इब्नुल हज्जाज (रह.) यांनी तदलीसला असत्याचे भावंड मानले. त्याहून पुढची पायरी म्हणजे दुसऱ्याकडचीच हदीस आपण स्वतः ऐकल्याचे सांगणे. अशा रावीविषयी ‘हा हदीस चोरतो’ असा शेरा चरित्रकोशांत मारला जाई, आणि त्या एका शेऱ्याने त्याची सारी रिवायत संशयाच्या छायेत जाई.

ही काटेकोर वृत्ती हवेतून आलेली नाही. हजरत जाबिर (रजि.) यांनी एका हदीससाठी महिनाभराचा प्रवास करून अब्दुल्लाह इब्ने उनैस (रजि.) यांना गाठले, याचा उल्लेख इमाम बुखारी (रह.) यांनी ज्ञानाच्या प्रकरणात केला आहे. ती हदीस त्यांच्या कानावर आधीच आली होती. मजकूर ठाऊक होता. महिनाभराची वाट त्यांनी तुडवली ती ज्याने प्रत्यक्ष ऐकले त्याच्या तोंडून ऐकण्यासाठी. पुढच्या शतकांत हदीसग्रंथांच्या हस्तलिखितांवर, ग्रंथ उस्तादासमोर वाचला गेला तेव्हा कोण कोण हजर होते, कोणाचा कोणता भाग हुकला, याच्या नोंदी केल्या जात. आज शाळेच्या हजेरीपटातही इतका प्रामाणिकपणा आढळत नाही.

या संदर्भात इमाम सुयूती (रह.) आणि इमाम कस्तल्लानी (रह.) यांचा एक प्रसंग चरित्रग्रंथांत आलेला आहे. तो मी थोडा सविस्तर सांगतो, कारण त्याने पुढे माझीच अडचण केली. दोघेही कैरोतील, एकाच काळातील. सुयूतींचा मृत्यू हिजरी ९११ मध्ये म्हणजे १५०५ साली झाला. कस्तल्लानी त्यांच्यानंतर काही वर्षांनी वारले. सहीह बुखारीचे भाष्य आणि प्रेषितचरित्रावरील ‘अल-मवाहिबुल लदुन्निया’ या ग्रंथामुळे कस्तल्लानींचे नाव आजही घेतले जाते. सुयूतींची तक्रार अशी की, हे गृहस्थ माझ्या पुस्तकांतून मजकूर घेतात आणि माझे नाव घेत नाहीत. प्रकरण शैखुल इस्लाम जकरिया अन्सारी (रह.) यांच्यापुढे गेले. त्यांनी पुरावा मागितला. सुयूती म्हणाले, यांनी अमुक अमुक ठिकाणी इमाम बैहकींचा हवाला दिला आहे. बैहकींचे ग्रंथ तर अनेक आहेत. यांनी कोणत्या ग्रंथातून घेतले, ते सांगावे. कस्तल्लानींना सांगता आले नाही. तेव्हा सुयूती म्हणाले, म्हणजे यांनी बैहकींचा ग्रंथ पाहिलेलाच नाही. माझ्या पुस्तकात बैहकींचे नाव पाहिले आणि तेवढे उचलले. ‘सुयूतींनी बैहकींकडून उद्धृत केले आहे’ असे यांनी लिहायला हवे होते.

पुढे कस्तल्लानींना वाटले की सुयूतींचे मन आपल्याविषयी साफ व्हावे. सुयूती तेव्हा नाईल नदीतील रौदा बेटावर एकान्तात राहत असत. कस्तल्लानी कैरोहून पायी निघाले, अनवाणी, उघड्या डोक्याने, आणि त्यांनी दार ठोठावले. आतून विचारणा झाली. त्यांनी नाव सांगितले, आणि आपण अनवाणी व उघड्या डोक्याने तुमचे मन राजी करायला आलो आहोत असे सांगितले. माझे मन राजी झाले, असे उत्तर आतून आले. दार मात्र उघडले नाही.

ते बंद दार मला फार दिवस छळत आले आहे. क्षमा केली आणि दार उघडले नाही, याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. सुयूतींच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की त्यांनी ग्रंथकार आणि चोर यांतील फरकावर एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली होती. आणि त्यांच्या विरुद्ध बाजूने हेही की, समकालीन इतिहासकार सखावी यांनी स्वतः सुयूतींवरच दुसऱ्यांची पुस्तके आपलीशी केल्याचा आरोप केला आहे. मोठी माणसेही या एका बाबतीत एकमेकांकडे बोट दाखवत आली आहेत. पण एक गोष्ट पाहा : एका थोर आलिमाने दुसऱ्या थोर आलिमाला जाब विचारला तो मजकुरासाठी नव्हे, मधला दुवा गाळल्यासाठी. आणि चूक दाखवली गेली ती एका साध्या प्रश्नाने, ‘कोणत्या पुस्तकातून?’

आता आपल्या घरांकडे येऊ. आपल्या मुलांची एक विशेष अडचण आहे, ती शहरातील परीक्षकांना सहसा कळत नाही. घरात दखनी किंवा उर्दू, कोकणात कोकणी, शाळेत पुस्तकी मराठी. आपल्या मुलीच्या कानावर ‘मेरेकू’, ‘तेरेकू’ पडते आणि वहीत तिला ‘मजला’, ‘तुजला’ची भाषा हवी असते. तिने स्वतः लिहिलेले वाक्य तिला मार्गदर्शक पुस्तकातील वाक्याशेजारी गावंढळ वाटते. शिक्षकही, नकळत का होईना, तिच्या खऱ्या वाक्याखाली लाल रेघ मारतात आणि उसन्या वाक्यासमोर ‘छान’ लिहितात. मी स्वतः वीस-बावीस वर्षे शाळेत शिकवताना अशा कितीतरी लाल रेघा मारल्या आहेत. ओले धान्य तळाशी ठेवायला कोणी शिकवले, असे विचारले तर एक बोट माझ्याकडेही वळते.

दहावीला भाषा विषयांत ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. अंतर्गत गुणांसाठी स्वाध्याय आणि उपक्रम असतात. ते कसे तयार होतात, हे आपण सर्व जाणतो. काही स्टेशनरीच्या दुकानांत तयार प्रकल्प मिळतात. नाव घालायची जागा कोरी असते. कित्येक घरांत रात्री बारापर्यंत अम्मी चित्रे चिकटवत बसते, अब्बा मोबाइलवर पाहून मजकूर लिहितात, आणि ज्याचा प्रकल्प तो गाढ झोपलेला असतो. पहाटे त्याला फजरसाठी उठवताना आपण खरे बोलण्याचा उपदेश करतो. शाळेत ‘हे तू केलेस ना?’ असे विचारल्यावर काय सांगायचे, हेही आपणच शिकवून पाठवतो. मुलाच्या आयुष्यातील पहिली खोटी शहादत अशी आईवडिलांच्या देखरेखीखाली होते, ही गोष्ट मला कॉपीपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

एका पालकाने मला यावर रोखठोक विचारले. त्यांचे गॅरेज आहे. म्हणाले, “सर, आमच्या खानदानात दहावीपर्यंत पोहोचणारा हा पहिला मुलगा. उतरवून का होईना, वीसपैकी सतरा गुण पडले तर चांगल्या कॉलेजचे दार उघडेल. मोठ्या लोकांची मुले क्लासमधून सगळे तयार आणतात. तुमचा उपदेश गरिबालाच का?” या प्रश्नात दुःख आहे, आणि ते खरे आहे. मी त्यांना एवढेच विचारले की, त्याच वर्गात शेजारच्या बाकावर आणखी एखादा गरीबाचा मुलगा बसत असेल. त्याने मोडक्या मराठीत स्वतः लिहिले आणि त्याला अकरा मिळाले. तुमच्या सतरा गुणांचे ओझे कोणाच्या पाठीवर पडले? मोठ्या लोकांच्या नव्हे. हुकूकुल इबाद म्हणजे माणसांचे एकमेकांवरील हक्क. आणि ज्याचा हक्क बुडतो तो या प्रकरणात मूळ लेखक नसून बहुधा तो अकरावाला असतो. त्याला कोणी ओळखत नाही, त्यामुळे त्याची क्षमा मागायलाही कोणी जात नाही.

दुसरे नुकसान स्वतः मुलाचे. रक्त तपासायला द्यायचे आणि नळीत शेजाऱ्याचे रक्त भरायचे, असे कोणी करीत नाही. अहवाल उत्तम येईल, पण आजार तसाच राहील. निबंध हीदेखील एक तपासणीच आहे. मुलाला काय येत नाही, हे शिक्षकाला त्यातूनच कळायचे असते.

मोठेपणी कायदा गाठतोच. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली उच्च शिक्षणातील वाङ्मयचौर्याविषयी नियम केले. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याकडे किरकोळ म्हणून पाहिले जाते. साठ टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास संशोधक विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होऊ शकते. पण टक्केवारीने अमानत मोजता येत नाही, आणि ज्याला चौदाव्या वर्षी ‘कोणाकडून घेतले’ हे सांगायची सवय लागली नाही त्याला चोविसाव्या वर्षी संगणकाने पकडून फारसे साधत नाही.

संगणकावरून आठवले. २०२२ च्या नोव्हेंबरपासून चॅटजीपीटीसारखी यंत्रे मुलांच्या हाती आली आहेत. ती मागाल तो निबंध मराठीतही लिहून देतात. अनेक पालक विचारतात की यात तर कोणाचेच उतरवलेले नसते, मग हे चालेल का? चोरीच्या भाषेत याचे उत्तर देता येत नाही, कारण इथे धनी सापडतच नाही. शहादतीच्या भाषेत उत्तर सोपे आहे : कोपऱ्यातले नाव तरीही खोटेच बोलते. शिवाय या यंत्राकडे सनद नसते. सनद मागितली, तर कधी कधी ते अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचेही नाव देते. धर्माच्या विषयात तर यापासून फारच जपून राहावे. ज्या उम्मतीने एकेका रावीचे चरित्र तपासले, तिच्या मुलांनी सनद नसलेली हदीस निबंधात लिहावी, हे शोभत नाही.

आता स्पर्धेचे काय झाले, ते सांगतो. संयोजकांपैकी एकाचे मत होते की ११ निबंध बाद करावेत आणि कारण व्यासपीठावरून जाहीर करावे, म्हणजे इतरांना धडा मिळेल. मला ते पटले नाही. झाकता येण्याजोगा दोष झाकण्याची शिकवण आपल्याला आहे, आणि ही तर मुले होती. शेवटी असे ठरले की, त्या मुलांना कारण न सांगता एका रविवारी मदरशाच्या दालनात बोलवायचे, गुन्हेगारासारखे वागवायचे नाही, आणि तिथेच दोन तासांत पुन्हा लिहायला सांगायचे. पुस्तके जवळ ठेवायची मुभा दिली. अट एवढीच की, जे जिथून घेतले ते शेवटी लिहायचे. ११ पैकी ७ जण आले.

मी त्यांना धान्याच्या राशीची हदीस सांगितली, कस्तल्लानींचा प्रसंग सांगितला. तो हिजरतचा परिच्छेद माझा आहे, हेही हसत हसत सांगितले. त्यात थोडी ऐट असावी. मुले खाली पाहू लागली. तेव्हा मागे बसलेली नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि अगदी सरळपणे तिने विचारले, “सर, मग तुम्ही तो कुठून घेतला होता?”

मी म्हणालो, प्रेषितचरित्राच्या ग्रंथांतून. ती म्हणाली, “कोणत्या?”

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी आल्यावर तो जुना विशेषांक काढला. लेखात मी ‘चरित्रकारांनी लिहिले आहे’ एवढेच म्हटले होते. मग वडिलांच्या पुस्तकांची पेटी उघडली. त्यात एक जुने उर्दू चरित्र आहे. लहानपणी वडील रात्री त्यातून वाचून दाखवीत. हिजरतचे प्रकरण काढले आणि वाचत गेलो. घटनांचा क्रम तोच. शत्रूच्या अमानती आणि शत्रूच्या तलवारी यांना एका वाक्यात आणण्याची युक्ती, जिच्यावर मी मनातून खूश होतो, तीही तिथलीच. मी जाणूनबुजून उतरवले नव्हते, असे आजही वाटते; कानात बसलेले वाक्य हातातून उतरले असावे. पण ‘असावे’ म्हणून सुटता येत नाही. चार शाळांतील मुलांनी माझ्याकडून घेतले आणि मी त्या ग्रंथकाराकडून. फरक इतकाच की मी अनुवाद केला होता, म्हणून पकडला गेलो नाही.

त्या पुस्तकाची सुरुवातीची पाने वाळवीने खाल्ली आहेत. ग्रंथकाराचे नाव त्या पानांबरोबर गेले. वडील हयात नाहीत, त्यामुळे विचारायला कोणी नाही. म्हणून या मासिकाच्या वाचकांसमोर एवढेच नोंदवतो : तो परिच्छेद माझा नव्हता. तो एका उर्दू ग्रंथातून माझ्या वडिलांच्या आवाजात माझ्यापर्यंत आला. त्या ग्रंथकाराच्या दारापर्यंत अनवाणी जाणेही माझ्या हाती उरलेले नाही. त्यांच्यासाठी मगफिरतची दुआ करतो.

सात मुलांचे नवे निबंध माझ्याकडे आहेत. पूर्वीच्या निबंधांहून ते आखूड आहेत. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत, आणि दोघांनी अमानत या शब्दाचे लिंग चुकवले आहे. त्या नववीतल्या मुलीने हिजरतचाच प्रसंग पुन्हा लिहिला आहे, पण यावेळी त्यात एक म्हातारी मक्कावासी बाई आहे. ती आपले गाठोडे परत घ्यायला हजरत अलींकडे (रजि.) येते आणि गाठ न सोडताच घरी जाते. ही बाई मला कोणत्याही ग्रंथात आढळलेली नाही. इतिहास म्हणून मी ती मान्य करणार नाही, आणि त्या मुलीला तसे सांगितलेही. पण निबंधाच्या शेवटी, अटीप्रमाणे, तिने पेन्सिलीने लिहिले आहे : “अमानती परत केल्याचे सरांच्या लेखात वाचले. म्हातारीची गोष्ट माझ्या नानीने सांगितली. नानी दखनीत सांगते, मराठी मी केले. नानीने कोणाकडून ऐकली ते तिला विचारले. तिला आठवत नाही.”